लहान प्रांताची ठेव : गोव्याचा फुटबॉल



या व्याख्यानमालेत गेली तीसेक वर्षे मी तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली, श्रोता म्हणून बसत आलो आहे. यंदाचे हे पुष्प मी गुंफावे असे कार्यकारिणीने ठरवले आणि विषय विचारला. पावसाळ्यातले आजार किंवा वृद्धांची पचनशक्ती असे काहीतरी मी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हणालो, 'गोव्याचा फुटबॉल.' आपले चिटणीस क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, निदान क्रिकेट तरी घ्या."

तेव्हा आधी खुलासा करतो. मी फुटबॉलचा जाणकार नाही. पण मी होमिओपॅथ आहे. लहान मात्रेची बाजू घेऊन बोलण्याची मला चाळीस वर्षांची सवय आहे, आणि त्यावर हसणारी माणसे पाहण्याचीही. लहान देश, लहान प्रांत किंवा लहान गाव यांना जगात आपले नाव कसे राखता येते, हा प्रश्न मला आवडतो. आपण सगळे एका लहान गावातच राहतो. आपल्या गावाचे नाव एकेकाळी देशातल्या प्रत्येक छापखान्याला माहीत होते. त्या नावाचे पुढे काय झाले हे आपण पाहिले आहे. म्हणून गोव्याची गोष्ट सांगतासांगता शेवटी मी नेपानगरला परत येणार आहे, हे आधीच कबूल करतो.

फुटबॉलच्या जगात एक विलक्षण नियम आहे. फिफा या जागतिक संघटनेत २११ सभासद आहेत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सभासदांपेक्षा जास्त. तिथे प्रत्येक सभासदाला एक मत. चीनला एक, भारताला एक, आणि आपण नकाशावर भिंग घेऊन शोधावे अशा बेटालाही एक. लष्कर, सोने, लोकसंख्या यांचा हिशेब तिथे चालत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कुरासाव नावाचे कॅरिबियन समुद्रातले बेट २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले. तिथली वस्ती सुमारे दीड लाख. आपल्या बुरहानपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत दोन लाखांवर होती. म्हणजे बुरहानपूरपेक्षा लहान वस्ती विश्वचषकात! आणि हे बेट पूर्ण स्वतंत्र राष्ट्रही नाही, ते नेदरलँड्सच्या राज्याचा एक भाग आहे. तरी त्याचा झेंडा मैदानावर फडकतो.

याची सुरुवात फार जुनी आहे. पहिला विश्वचषक १९३० साली उरुग्वेने भरवला. ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन दांडग्या शेजाऱ्यांमध्ये दबलेला हा लहान देश. आपल्या राज्यघटनेची शताब्दी साजरी करायची म्हणून त्यांनी मोंतेविदेओत मोठे स्टेडियम बांधले आणि पाहुण्या संघांचा प्रवासखर्च व राहण्याखाण्याचा खर्च स्वतः उचलला. बोटीचा लांबचा प्रवास नको म्हणून युरोपातून चारच संघ आले. अंतिम सामन्यात उरुग्वेने अर्जेंटिनाला हरवले. आज उरुग्वेचा राष्ट्राध्यक्ष कोण हे आपल्यापैकी कुणालाही सांगता येणार नाही, पण फुटबॉलमुळे तो देश आहे हे जगाला ठाऊक आहे.

पैशाचेही तसेच. २०२२ च्या विश्वचषकात पहिल्या गटातच गारद झालेल्या संघालाही ९० लाख डॉलर मिळाले. मोठ्या देशाला ही चिल्लर. पण पाच लाख वस्तीच्या देशात एवढ्या रकमेत किती मैदाने आणि किती प्रशिक्षक उभे राहतील, हिशेब करून पाहा.

असा एक देश म्हणजे केप व्हर्दे, आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरातली काही बेटे. वस्ती साधारण सव्वापाच लाख. पाऊस कमी, शेती बेताची, पोट भरायला माणसे पिढ्यानपिढ्या परदेशी गेलेली. बेटांवर जेवढे लोक राहतात त्याहून जास्त बाहेर आहेत. १९७५ पर्यंत तिथे पोर्तुगालचे राज्य होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा देशही विश्वचषकासाठी पात्र ठरला. त्यांनी काय केले? परदेशी गेलेल्या आपल्या लोकांची मुलेनातवंडे शोधून काढली. त्यांचा एक बचावपटू आयर्लंडमधल्या डब्लिनला जन्मला आणि तिथेच वाढला, फक्त वडील केप व्हर्देचे. संघाच्या प्रशिक्षकाने त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीज भाषेत निरोप पाठवला. पठ्ठ्याला ती भाषा येईना. कुणीतरी जाहिरात पाठवली असेल म्हणून त्याने कित्येक महिने उत्तरच दिले नाही! पुढे उलगडा झाला आणि तो बापाच्या देशाकडून खेळू लागला. ज्या राजधानीच्या मैदानावर त्यांनी पात्रता मिळवली, ते स्टेडियम चीनच्या मदतीने बांधलेले आहे. चेंडू लहान देशाचा, मैदान मोठ्या देशाचे. मुत्सद्देगिरी म्हणतात ती अशीही असते.

केप व्हर्देचे नाव मी मुद्दाम घेतले, कारण त्याच पोर्तुगालचे राज्य आपल्या शेजारी, गोव्यात, १९६१ पर्यंत होते.

आता गोव्याकडे येतो. गोवा माझ्या आयुष्यात बेळगावमार्गे आला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी बेळगावला बीएचएमएस करत होतो. खोलीत माझा सोबती डिचोलीचा. घरी मराठी आणि कोंकणी दोन्ही बोलणारा, वडील एका खाणीच्या कचेरीत कारकून. १९८३-८४ च्या मोसमात गोव्याने संतोष करंडक प्रथमच एकट्याने जिंकला. त्याच्या आदल्या मोसमात तो बंगालबरोबर विभागून मिळाला होता. त्या दिवशी माझ्या मित्राने मेसमधल्या सगळ्यांना स्वखर्चाने चहा पाजला. पंधरा दिवस उधारीवर साबण वापरणारा हा माणूस! मी विचारले, "एवढे काय रे त्यात?" तो म्हणाला, "तुला नाही कळणार. तुमच्याकडे मुलगा हुशार निघाला तर डॉक्टर करतात. आमच्याकडे हुशार निघाला तर डॉक्टर, आणि पाय चांगला निघाला तर साळगावकर नाहीतर धेंपो."

साळगावकर आणि धेंपो ही खाणमालकांची घराणी, हे मला तेव्हा माहीत नव्हते. हळूहळू त्याच्याकडून आणि पुढे वाचून जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

गोव्यात फुटबॉल आला १८८३ साली, शिवोली गावात. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या धर्मगुरूने तो आणला असे सांगतात. म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखात खेळ आणला तो पोर्तुगीजाने नव्हे. चर्चच्या शाळांतून तो पसरला, भातकापणी झालेल्या शेतांत रुजला आणि गावोगावच्या फेस्तांना त्याचे सामने होऊ लागले. मुंबईला पोटासाठी गेलेले गोवेकर तिथल्या क्लबांतून खेळू लागले. इथवर हा लोकांचा खेळ होता, सरकारचे त्याच्याकडे फारसे लक्ष नव्हते.

भारत स्वतंत्र झाला आणि चित्र बदलले. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचा सागरापलीकडचा प्रांत आहे, असे सालाझारने १९५१ मध्ये घटनेतच लिहून टाकले. त्याच वर्षी 'पोर्तुगीज इंडिया'चे क्रीडा मंडळ स्थापन झाले. हा निव्वळ योगायोग नसावा. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. महाराष्ट्रातून आणि आपल्या मध्य प्रांतातूनही सत्याग्रही गेले होते, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. भारताने आर्थिक नाकेबंदी केली. आता पोर्तुगीज सरकारला जगाला दाखवायचे होते की गोवा एकटा पडलेला नाही. मग संघ येऊ लागले. पोर्तुगालच्याच ताब्यातल्या मोझांबिकमधून संघ आला, पाकिस्तानातून कराचीचा संघ आला. डिसेंबर १९५९ मध्ये गोव्याची फुटबॉल संघटना स्थापन झाली. आणि १९६० मध्ये खुद्द लिस्बनचा बेन्फिका गोव्यात खेळून गेला. हा कुणी साधासुधा संघ नव्हे. पुढच्याच वर्षी, १९६१ च्या मे महिन्यात, त्याने युरोपियन कप जिंकला.

आणि त्याच १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

थोडे थांबून याचा विचार करू. सरकारने मैदानावर पैसा ओतला, युरोपातला एक बलवान संघ आणून दाखवला, तरी राज्य दोन वर्षेही टिकले नाही. चेंडूने राज्य टिकवता येत नाही. ज्या नात्यात मुळात प्राण उरलेला नाही, ते खेळाने जिवंत होत नाही. माझ्या धंद्यात याला वरवरचा लेप म्हणतात. पुरळ दिसेनासे होते, रोग आत राहतो.

पण गंमत पुढे आहे. राज्यकर्ते गेले आणि खेळ राहिला. त्यांनी तो दाखवण्यासाठी वापरला होता, लोक मात्र तो आधीपासून खेळत होते. लोकांना तो परक्यांचा वाटला नाही.

मुक्तीनंतर या खेळाला नवा आश्रयदाता मिळाला, तो म्हणजे लोहखनिज. गोव्याचे खनिज जवळजवळ सगळे निर्यातीचे. डिचोली, सांगे, केपे भागातल्या डोंगरांतून ट्रकने नदीकाठी, तिथून मांडवी आणि जुवारीतून बार्जने मुरगाव बंदरात, आणि मग आधी जपानला, पुढे चीनला. या व्यापारात घराणी मोठी झाली आणि त्यांनी संघ उभे केले. साळगावकरांचा संघ तर मुक्तीच्याही आधीचा, १९५६ चा. सेझा गोवा कंपनीचा संघ १९६५ चा, धेंपोंचा १९६८ चा. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक आणि खेळाचे शौकीन. त्यांच्या नावाच्या सुवर्णकरंडक स्पर्धेची माझा मित्र कितीतरी वर्षे आठवण काढत असे.

आपल्याला रस वाटेल असा एक तपशील सांगतो. फुटबॉल संघ चालवणाऱ्या धेंपो समूहानेच १९७० साली 'नवप्रभा' हे मराठी दैनिक सुरू केले. खाण, संघ आणि मराठी वर्तमानपत्र एकाच घरात! आणि वर्तमानपत्र म्हटले की कागद आला, कागद म्हटला की त्या काळात या देशात आधी नाव यायचे ते आपल्या गावाचे. पंडित नेहरूंच्या हस्ते १९५६ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेला आपला कारखाना हा देशातला वृत्तपत्र-कागदाचा पहिला कारखाना. तेव्हा आपण क्रीडापान वाचत होतो ते पान नेमके कुठे जन्मले असेल, याचा विचार त्या काळी मी कधी केला नव्हता.

खाणमालकांच्या संघांनी गोव्याला काय दिले? १९८८ मध्ये साळगावकरने फेडरेशन कप जिंकला. असा मान मिळवणारा गोव्याचा तो पहिला संघ. १९९८-९९ मध्ये त्याच साळगावकरने राष्ट्रीय लीग जिंकली. नंतर आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपोने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले. २००८ मध्ये हा संघ आशियातल्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. चर्चिल ब्रदर्सने २००९ आणि २०१३ मध्ये लीग जिंकली. ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले, ते आणि ब्रुनो कुटिन्हो अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा ही नावे देशभर झाली. ३७०२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि २०११ मध्ये साडेचौदा लाख वस्ती. एवढ्याशा राज्याने बंगालला वर्षानुवर्षे मान खाली घालायला लावली.

आणि हे सगळे तिकिटांच्या पैशांवर चालले का? मुळीच नाही. मैदानावरच्या उत्पन्नातून खेळाडूंचा पगारही भागला नसता. संघ चालत होता कंपनीच्या तिजोरीतून. मालकाला त्यात काय मिळत होते? नाव मिळत होते आणि सद्भावना मिळत होती. खाणीने गावाच्या शेतात लाल माती वाहून येते, रस्त्यावर धूळ असते, विहिरीचे पाणी आटते. त्याच गावचा पोरगा संघाच्या रंगाचा शर्ट घालून टीव्हीवर दिसला की धुळीचा राग थोडा निवतो. यात लबाडी होती असे मी म्हणत नाही. त्या घराण्यांना खेळाची खरीच आवड होती. पण आवड आणि हिशेब एका घरात राहू शकतात.

मग २०१२ साल उजाडले. योगायोग पाहा, त्याच वर्षी गोवा सरकारने फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केले. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेकायदा खाणकामावरच्या शहा आयोगाच्या अहवालानंतर राज्याने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली, २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीज पुन्हा रद्द केल्या.

माझा मित्र तेव्हा डिचोलीत दवाखाना चालवत होता, आजही चालवतो. बंदीनंतर मी त्याच्याकडे गेलो होतो. रस्त्याच्या कडेला ट्रकच ट्रक उभे, चाकांमध्ये गवत वाढलेले. तो म्हणाला, "पूर्वी माझ्याकडे लोक खोकला घेऊन यायचे. हवा आता स्वच्छ झाली, खोकला गेला. आता झोप लागत नाही म्हणून येतात. ट्रकच्या कर्जाचे हप्ते आहेत. त्यावर कुठले औषध देऊ, सांग."

तिजोरी आटली की सद्भावनेचे खातेही आटते. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तीन संघ एकाच वर्षात राष्ट्रीय आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांचे जाहीर कारण वेगळे होते आणि तेही खरे होते. भारतीय फुटबॉल महासंघ आयएसएल या नव्या स्पर्धेला वरचे स्थान देऊन आय-लीगला दुय्यम करणार होता, ते त्यांना मान्य नव्हते. पण तिजोरी भरलेली असती तर भांडण वेगळ्या पद्धतीने लढले गेले असते, असे माझ्या मित्राचे मत आहे. मला ते पटते.

मग गोव्याचा फुटबॉल संपला का? इथे गोष्ट पुन्हा वळण घेते.

२०१४ मध्ये एफसी गोवा हा नवा संघ उभा राहिला. त्याच वर्षी जानेवारीत पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धा गोव्यात भरल्या. ब्राझीलपासून मोझांबिकपर्यंतचे खेळाडू पणजी-मडगावात वावरले. सालाझारला बळजबरीने जे दाखवायचे होते, ते नाते आता बरोबरीच्या पाहुण्यासारखे घरी आले. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाच्या देशातल्या सहा केंद्रांत फातोर्डाचे मैदान होते. एफसी गोवा २०१९-२० मध्ये लीगमध्ये पहिला आला आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात पोहोचणारा पहिला भारतीय संघ ठरला. इतक्या लहान राज्याचे नाव रियाधपासून तोक्योपर्यंतच्या क्रीडापानांवर जाते, यालाच मी मालमत्ता म्हणतो. जाहिरातीने ते विकत घेता येत नाही.

पण ही मालमत्ता नाजूकही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुटला ख्रिस्तियानो रोनाल्डोचा पितळी पुतळा बसवला. हेतू एवढाच, की मुलांना प्रेरणा मिळावी. पण तो महिना गोवामुक्तीच्या साठाव्या वर्षदिनाचा. पोर्तुगालच्या माणसाचा पुतळा कशासाठी, गोव्याचे खेळाडू काय कमी आहेत, म्हणून लोकांनी काळे झेंडे दाखवले. दोन्ही बाजूंचे मला समजते. साठ वर्षांनीही चेंडूला इतिहास चिकटलेला असतो.

गेल्या वर्षी दिवाळीला मी मित्राकडे डिचोलीत होतो. २२ ऑक्टोबर, पाडव्याचा दिवस. रोनाल्डो ज्या सौदी संघाकडून खेळतो तो अल नस्र फातोर्ड्याला आला होता. आठवडाभर साऱ्या गोव्यात एकच प्रश्न होता, तो येणार की नाही? तो आला नाही. आमच्या घरी दिवेलागणीच्या आत जेवायची रीत. मित्राच्या बायकोने ती लक्षात ठेवून सगळ्यांची पाने लवकर मांडली, आणि आम्ही टीव्हीपुढे बसलो. अल नस्रने दोन गोल केले. मग गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसने एक गोल केला, आणि शेजारच्या तीन-चार घरांतून एकदमच ओरडा उठला. सामना गोवा २-१ ने हरला. मी म्हटले, "रोनाल्डो आला नाही, सामनाही गेला." मित्र म्हणाला, "अरे, पण आपल्या पोराने गोल केला ना."

मंडळी, हे वाक्य मी नेपानगरला परत येईपर्यंत घोळवत होतो. पोर्तुगीज सरकार, खाणमालक, आता दूरचित्रवाणीचा पैसा. आश्रयदाते बदलत गेले. तिसऱ्याचाही भरवसा नाही. जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि स्पर्धा चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचा तिढा न सुटल्याने आयएसएलचा पुढचा मोसमच अनिश्चित काळासाठी थांबवावा लागला होता. पैसा येतो आणि जातो. न बदललेली गोष्ट एकच : भातकापणीनंतरच्या शेतात पोरे चेंडू घेऊन उतरतात. खरे भांडवल ते आहे. बाकी सगळे त्यावरचे व्याज.

याचा दुसरा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूर हेही एकेकाळचे लहान संस्थान. तिथे खाण नाही आणि मोठा आश्रयदाताही नाही. तिथला फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ज्या पेठेची तालीम, त्या पेठेचा संघ. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ रिकामी होते. वर्गणी, ओळखीपाळखी, स्थानिक दुकानदार यांच्यावर हे पिढ्यानपिढ्या चालले आहे. देशाचे विजेतेपद कोल्हापूरला मिळाले नाही हे खरे. पण एखाद्या कंपनीचे दिवस फिरले म्हणून तिथला फुटबॉल थांबलाही नाही. २०१७ च्या त्याच मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. गोव्याकडे शिखर होते, कोल्हापूरकडे पाया. दोन्ही एकत्र आले तर काय होईल, याचे उत्तर केप व्हर्देसारख्या देशांनी दिले आहे.

गोव्यालाही हा धडा थोडाफार समजला आहे असे दिसते. गोवा फुटबॉल डेव्हलपमेंट कौन्सिल गावोगाव मुलांची प्रशिक्षण केंद्रे चालवते. सेझाची अकादमी खाणी बंद पडूनही टिकली. आणि धेंपो २०२४ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये परतला. पडलेले झाड पुन्हा फुटते ते मुळे जिवंत असतील तरच.

आता कबूल केल्याप्रमाणे नेपानगर. माझे लहानपण मिलच्या भोंग्यावर गेले. कॉलनीत बंगाली होते, मल्याळी होते, पंजाबी होते, आणि आपण मराठी तर होतोच. संध्याकाळी मैदानावर या सगळ्यांची पोरे एका चेंडूमागे धावत. आपली मराठी मंडळी कडेला उभी राहून क्रिकेटचा स्कोअर विचारत, ही गोष्ट वेगळी. दिवे मिलचे, मैदान मिलचे, आणि मैदानावर पाणी मारणारा माणूसही मिलचाच. आम्हाला वाटायचे, हे असेच असते. सूर्य उगवतो तशी मिल चालते.

२०१६ मध्ये नूतनीकरणासाठी उत्पादन थांबले. लक्षात घ्या, गोव्याच्या तीन संघांनी लीग सोडली तेच हे वर्ष. ऑगस्ट २०२२ मध्ये मिल पुन्हा सुरू झाली याचा आपल्या सर्वांना आनंद आहे. पण मधल्या सहा वर्षांत किती घरांना कुलूप लागले, किती मुले पुण्याला, इंदूरला, सुरतेला गेली, हे माझ्या दवाखान्याच्या वहीत आहे. एकेका कुटुंबाच्या पानावर शेवटची तारीख आहे, पुढे कोरे. डिचोलीच्या मित्राच्या वहीतही अशीच पाने असतील.

कुणावर ठपका ठेवायला मी हे सांगत नाही. एका कारखान्याने आपल्याला साठ वर्षे खूप दिले. चूक झाली असेल तर ती आपली आहे. जे कारखान्याने दिले ते आपले आहे असे आपण धरून चाललो, पण ते आपले करून घेतले नाही. मैदान होते, तालीम नव्हती. गोव्यात मालक गेले तेव्हा गाव उरले होते. आपल्याकडे मिल थांबली तेव्हा मैदानाचे काय करायचे, हे ठरवणारे कुणीच नव्हते.

मग करायचे काय? मी मोठे काही मागत नाही. हे मंडळ वाचनालय चालवते, गणेशोत्सव करते, ही व्याख्यानमाला चालवते, आणि हे सगळे वर्गणीवर चालते. म्हणजे तालीम चालवण्याची विद्या आपल्याला येते. फक्त ती आपण सभागृहाबाहेर नेलेली नाही. चार चेंडू, दोन जाळ्या, शनिवार-रविवारी संध्याकाळी मुलांवर देखरेख करणारे दोन निवृत्त लोक. मुले आपलीच हवीत असे नाही, आदिवासी पाड्यांवरची येतील, सगळ्या भाषांची येतील. मुली आल्या तर फारच चांगले. जे बाहेर गेले, पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत, त्यांना पत्र टाकावे, जसे केप व्हर्देच्या प्रशिक्षकाने टाकले. फक्त मराठीत टाका, म्हणजे उत्तर लवकर येईल!

यातून विश्वचषक येणार नाही. नेपानगरचा झेंडा कुठे फडकणार नाही. पण दहा वर्षांनी एखाद्या मुलाला परगावात कुणी विचारले, "कुठला रे तू?" तर त्याने "नेपानगर, म्हणजे बुरहानपूरजवळ, तिथे पूर्वी एक मिल…" असे सांगत बसू नये. त्याला गावाची आणखी एखादी ओळख सांगता यावी. लहान जागेची संपत्ती ती हीच. देशाची असो, प्रांताची असो, की आपल्या गावाची.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी मैदानावर असेन. माझे गुडघे आता धावू देत नाहीत. पण पाणी मारायला मी येईन, आणि खरचटले तर पेटी सोबत असेल.